घरात कुणाला मारायचं नाही

"आज एकाला मारायचंय. तासभर बसू का?"

दुकानाच्या पायरीवर चपला काढता काढता ते असं विचारायचे, आणि विचारताना आवाज जरासुद्धा खाली आणायचे नाहीत. उज्जैनच्या फ्रीगंजात माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बायोडाटा, सरकारी फॉर्म, असली कामं. एकदा एक वधूपिता पत्रिकेचं प्रूफ तपासत बसले होते. हे वाक्य कानावर पडल्यावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि हळूच मला विचारलं, "मैडम, ये कौन हैं?"

"राइटर हैं," मी म्हटलं. त्यांना त्याने फारसा धीर आला असं दिसलं नाही.

मी त्यांना काका म्हणायची. त्यांचं नाव इथे देत नाही. त्यांच्या पुस्तकांवरही ते शोधावंच लागायचं. वर व्हिडिओ गेमचं नाव चमचमत्या अक्षरांत, मध्ये बंदूक घेतलेला कॅप्टन, आणि अगदी तळाशी मुंगीच्या आकारात काकांचं नाव. मी एकदा त्यावरून चिडवलं तर म्हणाले, "बेटा, भाड्याच्या घरावर आपली पाटी केवढी लावणार?"

हे भाड्याच्या घराचं प्रकरण सांगायला हवं. काकांचे पूर्वज कधीकाळी दरबारच्या दप्तरात कारकून म्हणून उज्जैनला आले आणि इथलेच झाले. काकांनी तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. त्या काळात ते दिवाळी अंकांसाठी विज्ञानकथा लिहायचे. दोन कादंबऱ्याही स्वतःच्या डोक्यातून लिहिल्या. पुण्याच्या संपादकांना उज्जैनहून मराठीत मंगळावरची गोष्ट येते याचंच नवल वाटायचं, गोष्टीचं कमी. निवृत्तीनंतर इंदूरच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीने त्यांना गाठलं. पृथ्वी सोडून निघालेल्या एका मोठ्या अवकाशयानाचा तो खेळ. त्यातले संवाद हिंदीत लिहायचे, आणि त्याच पात्रांवर मराठीत नि हिंदीत कादंबऱ्या पाडायच्या. 'पाडायच्या' हा त्यांचाच शब्द.

कंपनीने त्यांना नियमांचं एक जाडजूड बाड दिलं होतं. कॅप्टन कधी हसत नाही. कुणाचं लग्न होत नाही. कादंबरीत काहीही घडो, शेवटच्या पानावर सगळी मुख्य पात्रं पहिल्या पानावर होती तिथेच हवीत. स्वतःचं नाव असलेल्या लेखकाला हे झोंबलं असतं. काका मात्र ते बाड परीक्षेला बसल्यासारखे वाचायचे. "दुसऱ्याचं घर आहे," म्हणायचे, "आपण राहायचं, झाडून घ्यायचं, भिंतीला खिळा ठोकायचा नाही."

आता तुम्ही विचाराल, माणसं मारायला दुकानात कशाला? त्याचं कारण काकू.

काकू गणिताच्या शिक्षिका होत्या. बोलणं मोजकं, त्यात अर्धं दुरुस्तीचं. काकांचं लेखन त्या वाचत नसत. "मला खऱ्यातलं आवडतं," एवढंच म्हणायच्या. पण एकदा काका घरात बसून एक प्रकरण मोठ्याने वाचत होते, वाक्य कसं वाजतं ते बघायला. त्यात सहाजण एका दमात मेले. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. घराची वास्तू सगळं ऐकत असते आणि कधी 'तथास्तु' म्हणेल याचा नेम नाही, असं आपल्याकडे मानतात. काकू ते नुसतं मानत नव्हत्या, पाळत होत्या. म्हणाल्या, "या घरात कुणाला मारायचं नाही. मारायचं तर बाहेर जाऊन मारा."

काका विज्ञानवादी. पत्रिका, मुहूर्त, राहुकाळ, सगळ्याची टिंगल करणारे. पण चाळीस वर्षांच्या संसारात कुठे वाद घालायचा नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पिशवी उचलली आणि निघाले. आधी त्यांनी रामघाट करून पाहिला. छान सावली बघून वही उघडली तोच एक पंडा शेजारी येऊन बसला. "किसका करना है, बाबूजी? गोत्र बताइए."

"मी म्हटलं, गोत्र क्या बताऊँ, दूसरी आकाशगंगा का है," काका सांगायचे. "तर तो म्हणतो, कोई बात नहीं, कश्यप में सब आ जाते हैं."

त्यानंतर माझं दुकान. झेरॉक्स मशिनच्या मागे एक लोखंडी खुर्ची होती, तिच्यावर बसून त्यांनी कितीजणांना मारलं याचा हिशेब मी ठेवला नाही. काम आटोपलं की चेहरा असा व्हायचा जसा आपला दाढ काढून आल्यावर होतो. मग चहा. मग भैरवगढच्या छापाच्या कापडी पिशवीत कागद घालून, सगळं टायपिंग माझ्या गळ्यात मारून, घरी.

टायपिंग मीच करायची, म्हणून माई मला सगळ्यांच्या आधी भेटली.

त्या यानाच्या नकाशात सात प्रकारच्या बंदुका ठेवायच्या जागा होत्या, पण स्वयंपाकघर नव्हतं. काकांनी इंदूरला फोन लावला. तिथे कथेचं सगळं बघणारी शिवानी नावाची मुलगी होती, तिशीची, कामसू, काकांना 'सर' म्हणणारी. काकांनी तिला विचारलं, "बेटा, आपका कैप्टन दो सौ साल से खाना कहाँ खा रहा है?" तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "सर, ये तो किसी ने सोचा ही नहीं."

अशी त्या यानात माई नावाची एक स्वयंपाकीण आली. तिच्याकडून ना शस्त्र मिळायचं, ना गुण. खेळणारा तिच्यासमोर नुसता उभा राहिला तरी तिने काहीतरी बोललं पाहिजे, म्हणून काकांना तिची तीस-चाळीस वाक्यं लिहावी लागली. ती टाइप करताना माझी बोटं थांबली. "पहले हाथ धोओ." "कम पड़े तो माँग लेना, बचा तो सुनाऊँगी." "इतनी जल्दी किस बात की है, तारे कहीं नहीं जा रहे." मी काकांच्या घरी किती वेळा जेवले असेन. ताटावर बसलं की काकू हेच बोलायच्या. फक्त ताऱ्यांच्या जागी दुकान असायचं.

मी मान वर करून काकांकडे बघितलं. ते झेरॉक्स मशिनचं झाकण विनाकारण उघडमीट करत होते.

"काकूंना माहीत आहे?"

"तिला खऱ्यातलं आवडतं," ते म्हणाले. "सांगू नकोस."

जेवायला काय असतं असं कुणी विचारलं की माई म्हणायची, "वरणफल." खेळणाऱ्या हिंदीभाषक पोरांना काही ते कळेना. वरणात शिजवलेले कणकेचे तुकडे म्हणजे काय, हे समजावून सांगायला शिवानीला खाली टीप टाकावी लागली. आणि गंमत अशी की माई चालली. इतकी चालली की शिवानी फोनवर तक्रार करू लागली, "सर, लोग मिशन छोड़ के किचन में बैठे रहते हैं." काकांनी फोन स्पीकरवर टाकून हे मला दोनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा ऐकवायला लागले तेव्हा मी ऐकून घेतलं नाही.

त्याच यानात त्यांनी एक म्हातारा घड्याळवालाही घुसवला होता. पृथ्वीवर आत्ता किती वाजले ते सांगणं एवढंच त्याचं काम. कुणी न विचारता सांगायचा. माई त्याच्यावर करवादायची. हा कोण ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारणार नाही.

मग खेळाचा तिसरा भाग ठरला. त्या दिवशी काका आले ते पायरीवर काही न बोलता वर चढले आणि खुर्चीत बसले. मी म्हटलं, "आज कुणाचा नंबर?"

"माईचा."

शिवानीचं म्हणणं साफ होतं, आणि तिच्या जागी ते चूकही नव्हतं. लोक जिच्यावर जीव टाकतात तीच गेली तर खेळणारे पेटून उठतील. शत्रूने स्वयंपाकघर उडवायचं, माई जायची, आणि कॅप्टन सूड घ्यायला निघायचा. नियमाप्रमाणे पात्र कंपनीचं. काकांनी आजवर एकाही गोष्टीला नाही म्हटलं नव्हतं.

पण त्याच महिन्यात काकूंच्या हृदयाची झडप बदलायची ठरली होती. इंदूरच्या डॉक्टरांनी तारीख दिली होती.

काका आठ दिवस रोज दुकानात आले. खुर्चीत बसायचे, वही उघडायचे, पेनाचं टोपण काढायचे, लावायचे. एक अक्षर लिहिलं नाही. इंदूरहून फोन आला की सांगायचे, "बेटा, थोड़ा तबीयत का चल रहा है." कुणाची ते सांगायचे नाहीत. नवव्या दिवशी मला राहवलं नाही. मी टाइप करायचं थांबवून म्हटलं, "काका, आयुष्यभर टिंगल केलीत तुम्ही या गोष्टींची. तुमचा विश्वास नाही ना?"

"माझा नाहीच," ते म्हणाले. "पण ऑपरेशन तिचं आहे ना."

मी चहा मागवला. तो त्यांनी न पिताच टाकला.

दुसऱ्या दिवसापासून ते यायचेच बंद झाले. मला वाटलं, काम सोडलं. बरं केलं, असंही वाटलं. आणि आठवड्याभराने आले ते पूर्ण लिहिलेली वही घेऊन. माई जिवंत होती. तिच्याऐवजी घड्याळवाला गेला होता. यानाचा तुटलेला भाग वेगळा करायला कुणीतरी दार आतून धरून ठेवायला हवं होतं, आणि त्याने ते धरलं. पलीकडे स्वयंपाकघर सुखरूप. मी टाइप करत गेले, आणि शेवटच्या पानावर मला स्क्रीनच दिसेनाशी झाली. शिवानीने वाचून फोन केला, म्हणाली, "सर, ये तो उससे भी अच्छा है." काका नुसतं "हाँ, हाँ" करत राहिले.

त्यांनी ते कुठे बसून लिहिलं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. यायला हवं होतं.

काकूंचं ऑपरेशन चांगलं झालं. महिनाभरात त्या पुन्हा सगळ्यांना दुरुस्त करू लागल्या. काका हवेत होते. दुकानात येऊन बसायचे ते नुसतेच, कुणालाही न मारता. आणि त्यानंतरच्या थंडीत त्यांना साधा खोकला झाला, तो छातीत उतरला, न्यूमोनिया म्हणाले, आणि दहा दिवसांत काका गेले. सगळं इतक्या झटपट झालं की माझ्या टेबलावर त्यांच्या नव्या प्रकरणाची अर्धी टाइप केलेली पानं तशीच पडून होती.

सुतक संपल्यावर काही दिवसांनी काकू दुकानात आल्या. याआधी त्या कधी आल्या नव्हत्या. त्यांनी आधी झेरॉक्स मशिनवरची धूळ बघितली, मग लोखंडी खुर्ची.

"इथेच बसायचे?"

"हो."

त्या खुर्चीत बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. म्हणाल्या, "शेवटचं ह्यांनी घरात लिहिलं. तुला सांगितलं का त्यांनी?"

मी नाही म्हटलं.

"माझ्याकडे पाठ करून, वहीवर हात आडवा धरून. अगं, पस्तीस वर्षं वर्गात उभी राहिलेय मी. कॉपी करणारं पोर मला लांबून कळतं." त्यांनी पिशवीचे बंद सरळ केले. "मला कळलं होतं, कुणालातरी मारून राहिले आहेत. बोलावंसं वाटलं. पण ऑपरेशन जवळ आलं होतं, म्हटलं, आता कुठे भांडत बसू. नाही बोलले. बोलायला पाहिजे होतं."

त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. मी भरभर बोलत सुटले. की न्यूमोनिया होता, की डॉक्टरने सांगितलं होतं, की काका स्वेटर घालायचे नाहीत, की असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. काकूंनी हात वर करून मला थांबवलं.

"कुणाला मारलं ते वाच."

मी कादंबरीतलं ते प्रकरण काढलं आणि वाचलं. माई कोण, घड्याळवाला कोण, हे वेगळं सांगावं लागलं नाही. तिसऱ्या ओळीला हात धुवायचं वाक्य आलं तेव्हाच काकूंनी माझ्याकडे बघितलं, आणि मग बघितलंच नाही. दार धरून ठेवण्याच्या भागाशी मी थांबले. पाणी पिऊन मी पुढे वाचलं. संपल्यावर त्या बराच वेळ पिशवीवरची छापील वेलबुट्टी बोटाने गिरवत होत्या.

"म्हणजे मला वाचवलं," त्या म्हणाल्या.

"माईला, काकू."

"तेच ते." मग म्हणाल्या, "तो गेल्यावर ती काय करते?"

ते कादंबरीत नव्हतं, खेळात होतं. घड्याळवाला गेल्यानंतर खेळणारे स्वयंपाकघरात आले तर माईने काय बोलायचं, याची बारा वाक्यं काकांनी लिहून दिली होती. ती पडद्यावर नुसती अक्षरांत उमटतात. माझ्याकडे त्यांचा कागद होता. मी एकेक वाचू लागले. बहुतेक सगळी नेहमीचीच होती. हात धुवा, बसा, घाई कसली. शेवटचं वाक्य होतं, "आज वरणफल नहीं हैं. अब नहीं बनते. जिनके लिए बनते थे, वो गए."

काकूंनी मान वर केली. डोळे भरलेले होते, पण आवाज वर्गातला होता.

"हे चूक आहे."

"काय चूक आहे?"

"त्यांना वरणफळं विशेष आवडायची नाहीत. निमूट खायचे. मला आवडतात. माझ्या आईच्या हातची होती ती. मी माझ्यासाठी करायची." त्यांनी पदराने डोळे पुसले. "चाळीस वर्षं बसून खाल्ली आणि वाटायचं काय, तर ही माझ्यासाठी करते. अन् मला वाटायचं, आवडीने खातात. विचारलं कधी कुणी नाही."

आणि मग त्या हसल्या. रडता रडताच हसल्या, मीही हसले, आणि दारात झेरॉक्ससाठी आलेली एक मुलगी तशीच परत गेली.

"हे बदलता येतं का?" काकूंनी विचारलं.

मी शिवानीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आधी ती बिचारी गडबडली, मग सरांचं नाव काढून रडू लागली. काकूंनी तिला रडू दिलं. मग सांगितलं, एक ओळ चुकली आहे, ती बदलायची.

"आंटी, सर का लिखा हुआ हम लोग छूते नहीं हैं," ती म्हणाली.

"छूना पड़ेगा. गलत है. लिखो." काकू खुर्चीत ताठ बसल्या आणि एकेक शब्द तोडून, डिक्टेशन घालावं तसं सांगू लागल्या. "आज वरणफल बने हैं. पूर्णविराम. मुझे पसंद हैं. पूर्णविराम. बैठो, तुम भी खाओ. हो गया? पढ़ के सुनाओ."

शिवानीने वाचून दाखवलं. काकूंनी मान हलवली.

"अगले अपडेट में डल जाएगा, आंटी," ती म्हणाली, आणि जरा घुटमळली. "बस एक बात. किसने बदला, वो लिखना पड़ता है हमारे यहाँ. क्या लिखूँ?"

काकू आधीच उठल्या होत्या. पिशवी खांद्याला लावत त्या फोनकडे वाकल्या.

"लिखो, माई ने."